संगणकाची जावक नोंदवही

सरकारी कार्यालयातून साधे स्मरणपत्र बाहेर पडायचे असले, तरी त्यावर जावक क्रमांक पडतो. कोणास, कोणत्या दिवशी, कोणत्या विषयावर, हे नोंदवल्याखेरीज टपाल हलत नाही. त्याच टेबलावरील संगणकात मात्र कोणते ॲप दिवसभरात कोणाशी संपर्क साधते, हे तो वापरणाऱ्यास सहसा ठाऊकच नसते.

याचे मूळ रचनेत आहे. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने जी फायरवॉल आपोआप सुरू केली, ती केवळ बाहेरून आत येणारी जोडणी अडवीत असे. पुढील आवृत्त्यांत बाहेर जाणाऱ्या जोडणीवरही नियम घालणे शक्य झाले. पण कारखान्यातून येणारी मांडणी आजही तीच आहे. आत येणाऱ्यास अटकाव, बाहेर जाणाऱ्यास मुभा.

या मुभेची किंमत २०२० मधील सोलरविंड्स प्रकरणात दिसली. ओरायन या संगणकजाळ्याच्या व्यवस्थापन प्रणालीच्या अधिकृत अद्ययावतीकरणातच घातक कार्यक्रम दडवला गेला आणि कंपनीच्या खऱ्या डिजिटल स्वाक्षरीनिशी तो सुमारे १८ हजार ग्राहकांकडे पोहोचला. आत शिरल्यावर तो बाहेरच्या सर्व्हरकडे आदेश मागत असे. अशा सर्व्हरना बाहेर संपर्क साधण्यास मनाई असती, तर हा कार्यक्रम निष्प्रभ ठरला असता, असे अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने पुढे मान्य केले.

इतिहासाच्या अभ्यासकास येथे बंगालमधील ‘दस्तक’ आठवावी. फर्रुखसियरच्या १७१७ च्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मालाला जकात माफ झाली. पण कंपनीचे नोकर त्याच परवान्याखाली आपला खासगी माल हलवू लागले. परवाना खरा, माल भलताच. चौकीवरील माणसास शिक्का तपासता येई, गाठोडे सोडता येत नसे. अखेर १७६३ मध्ये मीर कासिमने सर्वांचीच जकात रद्द केली. तिचा शेवट बक्सारमध्ये झाला, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडेही इशारे मिळालेले आहेत. कुडनकुलम अणुवीज प्रकल्पात प्रशासकीय कामासाठी इंटरनेटला जोडलेल्या एका संगणकात घातक कार्यक्रम आढळल्याचे अणुऊर्जा महामंडळाने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी मान्य केले. ही बाब ‘सर्ट-इन’च्या लक्षात आली आणि तिने ती ४ सप्टेंबरला कळवली, असे त्याच निवेदनात आहे. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी ‘सर्ट-इन’ने नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले, हे योग्यच झाले. परंतु कार्यालयाच्या वेशीवरील फायरवॉलला सहसा संगणकाचा पत्ता दिसतो, त्यातील कोणते ॲप बोलत आहे ते नव्हे. ती नोंद संगणकातच व्हावी लागते. लिटल स्निच किंवा ओपनस्निच यांसारखी साधने नेमके हेच करतात: नवे ॲप बाहेर जाऊ पाहते, तेव्हा थांबवून विचारतात.

जानेवारी २०२५ मध्ये अर्थमंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत असे बजावले. परिपत्रक काढणे सोपे. त्याचे पालन होते की नाही, हे जावक नोंदीविना कसे कळणार? वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने (२०२३) संमती माहितीपूर्ण असावी असे म्हटले आहे. ॲप कोणाशी बोलते हेच नागरिकास दिसत नसेल, तर दिलेली संमती माहितीपूर्ण कशी म्हणावी?

सरसकट बंदी हा उपाय नव्हे. सुरक्षा-दुरुस्त्याही याच वाटेने येतात; त्या अडल्या तर रोगापेक्षा औषध भारी पडेल. शिवाय दर दहा मिनिटांनी प्रश्न विचारणाऱ्या संगणकाला माणूस कंटाळून ‘हो’ म्हणतो. म्हणून परवानगीची यादी कार्यालयाच्या तंत्रज्ञाने ठरवावी, लिपिकाने नव्हे. आणि नोंद ॲपची व्हावी, कर्मचाऱ्याची नव्हे. अन्यथा वरिष्ठांच्या हाती हेरगिरीचे नवे साधन पडेल, आणि असे साधन वापराविना राहिल्याचे माझ्या सेवाकाळात तरी पाहण्यात नाही.

सुरुवात खरेदीपासून करता येईल. सरकारला सॉफ्टवेअर विकणाऱ्याने ते कोणकोणत्या पत्त्यांशी, कशासाठी संपर्क साधते याची यादी निविदेसोबतच द्यावी. यादीबाहेरचा संपर्क आढळल्यास तो कराराचा भंग मानावा आणि देयक तेथेच थांबवावे.