'काय' म्हणणाऱ्यांची भाषा कोणती?

दक्षिण स्लाव मुलखात 'काय' या एका शब्दावरून माणसाची बोली ओळखतात. बहुतेक ठिकाणी 'श्तो' किंवा 'श्ता', एड्रियाटिकच्या काठी नि बेटांवर 'चा', आणि झाग्रेबच्या आसपास चक्क आपल्यासारखे 'काय'! शेजारचे स्लोव्हेनही 'काय'च म्हणतात. बोलीच्या मापाने झाग्रेबकडचा शेतकरी त्यांच्या जवळचा. सरकारी कागदावर मात्र त्याची भाषा क्रोएशियन.

1850 साली व्हिएन्नात सर्ब आणि क्रोएट विद्वानांनी 'श्तो' बोलीच्या पायावर दोघांची साहित्यभाषा एकच असावी असे ठरविले. 1991 पासून युगोस्लाव्हिया फुटला आणि त्या एकीच्या चार झाल्या: सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन, मॉन्टेनेग्रिन. बेलग्रेडला दूध 'म्लेको', साराएव्होला 'म्लियेको'. ठीक. पण बोस्नियातला सर्बही 'म्लियेको'च म्हणतो! ही रेघ सरहद्दीच्या चौक्यांवरून जातच नाही, हे तिथल्या पुढाऱ्यांना ठाऊक नाही काय?

आपल्या भाषेला हवे ते नाव देण्याचा हक्क आम्ही कोणाचाच नाकारीत नाही. परंतु त्याची किंमत कोण मोजतो ते पाहा. बोस्नियात सिगारेटच्या पाकिटावर एकच इशारा तीनदा छापला गेला. दोनदा अक्षरशः तोच, तिसऱ्यांदा फक्त लिपी सिरिलिक. हे हसण्यावारी नेता येईल. पण त्याच देशात भाषेचे निमित्त करून बोस्नियाक आणि क्रोएट मुलांना एकाच इमारतीत वेगळे वर्ग नि वेगळी पुस्तके दिली गेली. 2017 साली चारही देशांतल्या लेखक-विद्वानांनी साराएव्होत जाहीरनामा काढला: भाषा समाईक आहे, शाळांतली ही फाळणी थांबवा. झाग्रेबच्या सत्ताधाऱ्यांनी तो धुडकावला.