ट्रकची खांदेमळणी



पोळा झाला. बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून झाली, खूर पाहून झाले, नवे कासरे आले. आता घराघरांत दसऱ्या-दिवाळीचे बोलणे सुरू आहे. दिवाळीच्या आगेमागे आपल्या केज, धारूर, पाटोदा, शिरूर, वडवणी या भागांतून कोयते कारखान्यांच्या वाटेला लागतील. काही टोळ्या अहिल्यानगर-पुण्याकडे जातील, काही सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, तर काही थेट कर्नाटकात. या माणसांना घेऊन जाणारे आणि पुढे चार-पाच महिने फडातला ऊस गव्हाणीपर्यंत ओढणारे वाहन पुष्कळदा जुना ट्रक असते. नांदूरघाट परिसरातही असे ट्रक आहेत. त्यांच्या दुरुस्तीचे दिवस हेच.

शेतीखात्याच्या माणसाने ट्रकविषयी कशाला बोलावे, असे कोणी विचारील. पण हा ट्रक बहुधा शेतीच्या पैशातून आलेला असतो. कोणी दोन एकर गहाण टाकलेले असते, कोणी सोयाबीनची पट्टी घातलेली असते, तर कोणी कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करून उचल घेतलेली असते. बैलजोडीसारखेच हेही घरचे औत आहे. फरक एवढाच, की बैलाला दुखले तर तो लंगडतो, मान टाकतो. ट्रक मात्र आतून झिजत जातो आणि नेमका घाटात दगा देतो.

जुनी गाडी टिकते कशी?

टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाईमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ साली तो संपला, आणि तोंडावरचा तीन टोकांचा तारा जाऊन टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. तरीही जुनी माणसे कितीतरी वर्षे 'टाटा-मर्सिडीज' असेच म्हणत. पुढे १२१०, १६१२ या गाड्यांनी आपले रस्ते भरून टाकले. मद्रासच्या एन्नोर येथील अशोक लेलँडचा 'कॉमेट'ही त्यांच्या जोडीला होता.

या आकड्यांचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. १२१० म्हणजे भरलेल्या गाडीचे एकूण वजन साधारण १२ टन आणि ताकद शंभर अश्वशक्तीच्या घरात. १६१२ म्हणजे १६ टन आणि एकशेवीसच्या घरात. टाटांच्या ६९७ इंजिनाचे नावही असेच आहे: सहा सिलिंडर, आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. आत बिजलीचा मेंदू नाही, संगणक नाही. डिझेल, हवा, तेल आणि पाणी यांवर ते चालते. तालुक्याच्या गावचा मिस्त्री ते खोलून लाइनर-पिस्टन बदलू शकतो, लेथवाला क्रँक घासून देऊ शकतो. एप्रिल २०२० पासून आलेल्या भारत स्टेज ६ च्या गाड्यांचे तसे नाही. त्यांतला दोष शोधायलाही यंत्र लावावे लागते. म्हणून लहान माणसाला जुनी गाडी आपली वाटते, आणि त्यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की हाती असलेले पैसे आधी कशावर घालावेत?

आधी थांबण्याचे, मग धावण्याचे

हंगामाआधी गाडी गॅरेजला लागली की पहिला पैसा रंगाला जातो. मग आरसे, गोंडे, कर्णे आणि फाळक्यावरचे नाव. त्यानंतर इंजिन. शेवटी उरले तर ब्रेक. हे 'वरून कीर्तन आतून तमाशा' असे होते. क्रम उलटा हवा. गाडी सुरू झाली नाही तर एक खेप बुडते. गाडी थांबली नाही तर घर बुडते. म्हणून आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग चाके व पाटे, मग दिवे, त्यानंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी रंग.

ब्रेक : चारही बाजूंची ड्रमे उतरवून पाहा. लायनर रिबिटापर्यंत झिजले असतील तर ते बदलाच. फक्त ब्रेक आवळून घेतल्याने झिजलेले लायनर नवे होत नाहीत. ड्रमला आतून नाळी पडल्या आहेत का ते पाहा. लायनर तेलकट दिसले तर हबचे सील गळते आहे असे समजावे. आधी सील बदलावे, नाहीतर नवे लायनरही आठ दिवसांत तेलकट होतील. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. म्हणून ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि पोरांना दूर ठेवा.

हवेचे ब्रेक असतील तर आणखी एक परीक्षा घ्या. टाकीत हवा पुरी भरू द्या आणि इंजिन बंद करा. एकाने ब्रेक दाबून धरावा, दुसऱ्याने काट्याकडे पाहावे. काटा भराभर उतरू लागला तर कुठेतरी गळती आहे. साबणाचे पाणी जोडांवर सोडले की बुडबुडे ती जागा दाखवतात. हवेच्या टाकीत पाणी साचते. ते रोज सोडून देणे हे क्लीनरचे काम. ब्रेकला तेल असेल तर तेही ठरल्या मुदतीने बदलावे, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते.

स्टिअरिंग : गाडी उभी असताना चक्र हलवा. चार बोटांहून अधिक फिरूनही पुढची चाके हलत नसतील तर ढिलाई फार झाली. पुढचा आस जॅकवर घेऊन, खाली भक्कम ठोकळे लावून, टायर वरून-खालून धरून हलवा. खडखडले तर किंगपिन किंवा बेअरिंग पाहावे. टायरॉडचे सांधेही तपासावेत. स्टिअरिंगच्या कोणत्याही तुटलेल्या भागाला वेल्डिंग करून तो परत घालू नये. तेथे नवा भागच हवा.

चाके व पाटे : रिमोल्ड केलेले टायर पुढच्या चाकांना नकोत. पुढचा टायर फुटला तर चक्र हातात राहत नाही. पाट्यांत तुटलेले पान, सैल झालेले यू-बोल्ट, झिजलेले बुश पाहून घ्या. चासीला तडे आहेत का, जुने वेल्डिंग आहे का, ते रंग देण्याआधी पाहावे. नंतर रंग सगळे झाकून टाकतो.

दिवे : ऊस रात्री वाहतो. हौद्याबाहेर आलेल्या उसाने मागचे लाल दिवे झाकले जातात, आणि मागून मोटारसायकलवर येणाऱ्याला अंधारात काहीच दिसत नाही. मागे आणि दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्या लावा. गाडी बंद पडली तर मागे बऱ्याच अंतरावर त्रिकोण ठेवा. नुसते दगड ठेवून, नंतर ते रस्त्यातच सोडून जाणे हे दुसऱ्याच्या जिवावर उठणे आहे.

जुनी गाडी घेताना

कोणी गाडी विकत घेणार असेल तर ती सकाळी, इंजिन गार असताना पाहावी. आधीच तापवून ठेवलेली गाडी आपले दुखणे लपवते. धूर बोलतो, तो ऐकावा. काळा धूर असेल तर डिझेल पुरते जळत नाही. नोझल, पंप किंवा हवेची जाळी पाहावी. निळा धूर म्हणजे इंजिन तेल खाते, रिंगा-लाइनर झिजले. पांढरा धूर गाडी तापल्यावरही राहिला तर पाणी सिलिंडरमध्ये जात असण्याचा संभव आहे. तेलाची काडी काढून पाहा. तेल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले, हे नक्की. मग चासीवरचा नंबर आणि पुस्तकातला नंबर ताडून पाहा. कर्जाचा बोजा, कर, दंड आणि विमा यांची चौकशी करा. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग लागते. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची पासिंग फीही जड पडते. हा खर्च धरूनच किंमत ठरवावी.

आणि काही गाड्या दुरुस्त करूच नयेत. चासी वाकलेली वा कुजलेली असेल, जागोजाग वेल्डिंग असेल, कागद जुळत नसतील, तर ती गाडी फुकट मिळाली तरी महाग आहे. म्हाताऱ्या बैलाला आपण नांगराला जुंपत नाही. तोच न्याय येथेही लावावा.

वजाबाकी शिका

गाडीच्या पुस्तकात दोन वजने लिहिलेली असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरलेल्या गाडीचे. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचा माल. समजा, भरलेली १६ टन आणि रिकामी ५ टन, तर ऊस ११ टन. यात वाद नाही. पण पाट्यात दोन पाने वाढवून घेतली आणि कमान वाकली नाही, की गाडी १८ टन ऊसही पेलते असे वाटते. पाटे वाढवल्याने ब्रेक वाढत नाहीत, आस जाड होत नाही, चासी मजबूत होत नाही. वर वेगाचेही एक गणित आहे. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला ब्रेक लावल्यापासून साधारण चौपट अंतर लागते. जास्त माल, जास्त वेग आणि झिजलेले लायनर हे तिन्ही एकत्र आले की धारूरचा घाट असो वा मांजरसुंब्याचा, निभावणे कठीण.

घाट उतरताना डिझेल वाचवायला काही जण गाडी न्यूट्रलवर सोडतात, काही जण इंजिनच बंद करतात. हे कदापि करू नये. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रलवर तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापले की पकड सोडतात. इंजिन बंद केले तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही बंद पडतो, आणि टाकीतली हवा संपत जाते. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर घालावा आणि त्याच गिअरने उतरावे. वाचलेल्या वाटीभर डिझेलाची किंमत किती, आणि खाली जाणाऱ्या जिवांची किती?

वरच्या माणसांचा विचार

आता मनातले बोलतो. कोयता म्हणजे नवरा-बायको. त्यांच्यासोबत कडेवरची पोरे, भांडी, पीठ, सरपण, कधी शेळ्या. सगळा संसार हौद्यात, आणि त्या संसारावर बसलेली माणसे. मालवाहू गाडी माणसांसाठी नाही, हे कायदा सांगतो. मालगाडीत फुकट बसवलेल्या उतारूंची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. म्हणजे अपघात झाला तर मालकाच्या शेतावर येते, आणि मजुराच्या घरी तर तेवढेही येत नाही.

म्हणून शक्य असेल तेथे माणसे एसटीने किंवा प्रवासी गाडीने पाठवा आणि सामान ट्रकने. मुकादम, गाडीमालक आणि टोळी यांनी करारावेळीच हा भाड्याचा खर्च कोणाचा ते ठरवून घ्यावे. खर्च वाढेल हे खरे. पण उचलीचा हिशेब हंगामात फिटतो, हातपाय गेल्याचा हिशेब फिटत नाही. टोळीतल्या माणसांनीही गाडीत पाय ठेवण्याआधी ब्रेक-टायरची विचारपूस करावी. त्यात मालकाचा अपमान नाही. बैलबाजारात आपण बैलाचे दात पाहतोच ना?

माय-बहिणींना एक काम सांगतो. दुरुस्तीची वही घरात ठेवा. तारीख, कोणता भाग बदलला, किती पैसे गेले, कोणी काम केले, हे लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून मागून घ्यावा. खरेच बदलले की नाही, ते त्यावरून कळते. दोन हंगाम अशी वही ठेवली, की गाडी घर चालवते की घर गाडीला चालवते, याचे उत्तर त्या पानांवरच मिळेल. ते उत्तर दुसरे निघाले तर गाडी वेळीच मोडीत काढावी आणि जमीन सोडवावी.

खंडेनवमीला आपण गाडीला हार घालतो, लिंबू बांधतो, नारळ फोडतो. जरूर करावे. मात्र त्या आधीच्या पंधरवड्यात ड्रमे उतरलेली असावीत. 'बैल गेला अन् झोपा केला' असे होऊ देऊ नका.

पुढच्या अंकात रब्बी ज्वारीची पेरणी आणि बीजप्रक्रिया पाहू.