पाळणाघर ही मेहरबानी नव्हे, कामगाराचा हक्क आहे!

महागाई भत्ता, बोनस, जुनी पेन्शन, खाजगीकरण, आठवा वेतन आयोग हे आपल्या या पानांवरचे नेहमीचे विषय. ते भाकरीचे विषय आहेत, म्हणून यापुढेही ते येथे राहतील. परंतु या अंकात आम्ही अशा माणसांची बाजू मांडत आहोत, ज्यांना मत नाही, युनियनची पावती नाही आणि घोषणा देण्याइतका आवाजही नाही. ही माणसे म्हणजे देशाच्या राजधानीत आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव या पट्ट्यात राबणाऱ्या कामगारांची सहा वर्षांखालील मुले.

काही बंधू विचारतील की युनियनचा याच्याशी काय संबंध? मुलांना सांभाळणे हे घरचे काम, फार तर समाजकल्याण खात्याचे. या प्रश्नाला आम्ही उपदेशाने उत्तर देणार नाही. रेल्वेच्याच हद्दीत घडलेली एक गोष्ट पुढे ठेवतो.

पश्चिम दिल्लीत शकूर बस्ती येथे रेल्वेचे सिमेंट सायडिंग आहे. रेक लागला की वॅगनमधून सिमेंटची पोती पाठीवर घेऊन उतरवणारे मजूर रुळांलगतच्या झोपड्यांत राहत होते. १२ डिसेंबर २०१५ रोजी, ऐन थंडीत, रेल्वे प्रशासनाने पोलीस बंदोबस्तात त्या शेकडो झोपड्या पाडल्या. त्याच दिवशी तेथे सहा महिन्यांची एक मुलगी मरण पावली. मोहीम सुरू होण्याआधीच तिचा मृत्यू झाला होता, तिच्या मृत्यूचा आणि पाडापाडीचा संबंध नाही, असा खुलासा रेल्वेने केला. वस्तीतील लोक उलट सांगत होते. तो खुलासा अक्षरशः खरा मानला, तरी एक गोष्ट उरतेच. त्या रात्री कितीतरी लहान मुले दिल्लीच्या डिसेंबरात उघड्यावर होती. त्यांच्या आईबापांनी रेल्वेच्याच वॅगन रिकाम्या केल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासनाला धारेवर धरले. पुढे १८ मार्च २०१९ रोजी अजय माकन विरुद्ध भारत सरकार या खटल्याच्या निकालात न्यायालयाने बजावले, की आधी पाहणी आणि पुनर्वसनाचा विचार केल्याशिवाय अशा वस्त्या उठवता येणार नाहीत.

यात आमचा मुद्दा साधा आहे. मालधक्क्यावर बापाची पाठ हवी, फलाटावर आईचा झाडू हवा, पण त्यांचे मूल मात्र कोणाच्याच हिशेबात नको! कामगाराची मेहनत घ्यायची आणि त्याचा संसार अतिक्रमण ठरवायचा, हे धोरण ज्याला मान्य नाही त्याला मुलांचा प्रश्न युनियनबाहेर ठेवता येणार नाही.

राजधानीतील भूक

दिल्ली म्हणजे मेट्रो, उड्डाणपूल आणि संसद. आता सरकारचेच आकडे पाहा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, दिल्लीत पाच वर्षांखालील शंभरांपैकी सुमारे एकतीस मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे. शंभरांपैकी जवळजवळ बावीस मुलांचे वजन कमी आहे, आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाची शंभरांपैकी एकोणसत्तर मुले रक्तक्षयाने फिकट पडलेली आहेत. हे आकडे दुष्काळी खेड्यातले नव्हेत. लाल किल्ल्याच्या सावलीतले आहेत.

त्यात दिल्लीची हवा. दिवाळीनंतर धुरके दाटले की बांधकामे बंद होतात. ती बंद करणे गरजेचेच आहे. पण त्या दिवशी बांधकाम मजुराची रोजी बुडते, आणि मूल तीच विषारी हवा घेत साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत पडून राहते. साहेबाच्या घरी हवा शुद्ध करण्याचे यंत्र लागते. मजुराच्या मुलाचे फुप्फुस हेच गाळणी!

शब्द आपला, वेठबिगारी त्यांची

या मुलांसाठी सरकारची एक मोठी योजना आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्राला देशभर अंगणवाडी म्हणू लागले. मराठी कामगारांनी अभिमानाने लक्षात ठेवावे, की हा शब्द आणि त्यामागची कल्पना आपल्या मातीतली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात पाहिले, की आदिवासींची मुले बालवाडीत येत नाहीत. तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, इतका सरळ तो विचार होता.

त्या विचाराचे सरकारने काय केले? अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला कामगार म्हणायचेच नाही असे ठरवले. ती ‘मानसेवी’, तिला पगार नाही, ‘मानधन’! ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेसाठी ठरवलेले मानधन महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसासाठी २,२५० रुपये. राज्य सरकारने वर काही घातले तर घातले. मे २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने एकमताने सांगितले होते, की योजना कर्मचाऱ्यांना कामगाराचा दर्जा, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्या. त्या परिषदेत सरकार आणि मालक दोघेही बसले होते. शिफारस फडताळात गेली. २०१५ च्या ४६ व्या अधिवेशनानंतर तर पुढची दहा वर्षे परिषदच भरवली गेली नाही. न रहेगा बांस, न बजेगी बांसुरी!

दिल्लीच्या अंगणवाडी भगिनी गप्प बसल्या नाहीत. ३१ जानेवारी २०२२ रोजी त्यांनी संप पुकारला आणि अडतीस दिवस तो लढवला. दिल्ली सरकारने मानधन वाढवून सेविकेला १२,७२० आणि मदतनिसाला ६,८१० रुपये जाहीर केले. मागणी होती पंचवीस हजार आणि वीस हजारांची. ९ मार्च रोजी नायब राज्यपालांनी अत्यावश्यक सेवा कायदा लावला आणि त्यानंतर आठशेहून अधिक सेविका-मदतनिसांना कामावरून काढण्यात आले.

रेल्वे कामगारांना या कायद्याची ओळख करून देण्याची गरज नाही. मे १९७४ च्या संपात आपल्या माणसांना घरांतून बाहेर काढण्यात आले, हजारोंना तुरुंगात टाकण्यात आले, ते कसे विसरता येईल? पण येथील लबाडी आणखी पुढची आहे. पगार मागितला की अंगणवाडीची बाई स्वयंसेविका, आणि संप केला की तीच अत्यावश्यक कर्मचारी! दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. तिचे काम थांबल्याने राज्य हलते, तर तिला राज्याची कर्मचारी म्हणा. सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी सेविका-मदतनिसांना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल देऊन या ढोंगाला पहिली टाचणी लावली. महाराष्ट्रातील भगिनींनीही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असे बावन्न दिवस संप करून हाच प्रश्न विचारला.

आठ रुपयांचे जेवण

आता ताटाकडे वळू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचे वचन दिले. त्यासाठी २०१७ मध्ये सरकारने खर्चाचा दर ठरवला दर मुलामागे दिवसाला आठ रुपये. २०२४ पर्यंत तो दर तसाच होता. याच काळात आपला महागाई भत्ता जुलै २०१७ मधील ५ टक्क्यांवरून जुलै २०२४ मध्ये ५३ टक्क्यांवर गेला, तोही मधले दीड वर्ष गोठवूनसुद्धा. म्हणजे महागाई झाली हे सरकारलाही मान्य आहे. मग बाजारात डाळ घेताना ती फक्त कर्मचाऱ्यालाच महाग मिळते काय? अंगणवाडीच्या खिचडीला महागाई लागू नाही?

पैसा वाढवायला हात आखडता, पण पहारा वाढवायला तयारी मोठी. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार घेण्यासाठी मोबाइलवर चेहरा ओळखण्याची अट सक्तीची करण्यात आली. नेटवर्क नाही, जुना फोन चालत नाही, आधारवरचा नंबर बदललेला, अशा कारणांनी गरोदर बाईने रिकाम्या हाताने परत जायचे आणि तिचे बोलणे सेविकेने खायचे. चोरी रोखायची असेल तर आधी कंत्राटदाराच्या गोदामावर कॅमेरा लावा!

पाळणाघर गेले कोठे?

अंगणवाडी दिवसातले काही तास चालते. आईची पाळी मात्र आठ तासांची, आणि कंत्राटी आईची कैक वेळा बारा तासांची. मधल्या वेळात मूल कोठे? उत्तर दिल्लीतच शोधले गेले होते. १९६९ मध्ये राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम चालू असताना, धुळीत पडलेली मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि तिचे काम मुंबई-पुण्यापर्यंत गेले. पत्र्याच्या शेडमध्ये झोळ्या, दूध, खिचडी, लसीकरण आणि एक जाणती बाई, एवढ्यावर हे जमते हे पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. म्हणून ‘व्यवहार्य नाही’ ही सबब ऐकून घेऊ नका.

कायदाही होता. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघर होते, १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होते, आणि २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला ते बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे चार श्रमसंहितांत विलीन झाले आहेत. संहितांना आपला विरोध आहे आणि राहील. पण त्यांतही पाळणाघराची तरतूद ठेवावी लागली आहे, आणि अनेक आस्थापनांनी मिळून एक सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभाही आहे.

गोम आहे ती पन्नासच्या आकड्यात. एका मोठ्या स्थानकावर डबे धुण्याचे कंत्राट एकाचे, फलाट झाडण्याचे दुसऱ्याचे, चादरी-ब्लँकेटचे तिसऱ्याचे, पार्किंगचे चौथ्याचे. प्रत्येकाने आपल्या वहीत पन्नासाहून कमी डोकी दाखवली की काम फत्ते! शेकडो माणसे एकाच छपराखाली राबतात आणि कायद्यापुढे एकही पाळणाघर देय होत नाही. आमचे म्हणणे असे, की डोकी कंत्राटदारागणिक मोजू नका, स्थानकागणिक मोजा. मूळ मालक रेल्वे आहे, टपाल खाते आहे. जबाबदारी त्यांची.

सरकारने स्वतः काय केले? केंद्राच्या पाळणाघर योजनेत २०१५ च्या सुमारास तेवीस हजारांहून अधिक पाळणाघरे होती. २०१७ पासून केंद्राने आपला वाटा ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणला आणि भार राज्यांवर व संस्थांवर ढकलला. २०२० पर्यंत पाळणाघरे साडेसहा हजारांच्या घरात आली. मग २०२२ मध्ये ‘पाळणा’ या नव्या नावाने सतरा हजार अंगणवाडी-पाळणाघरांची घोषणा! आधी जेवढी होती त्याहून कमी उभी करायची आणि त्याचा सोहळा करायचा.

मे २०२२ मध्ये उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये तान्ह्या बाळांसाठी ‘बेबी बर्थ’चा प्रयोग केला. चांगली गोष्ट आहे, प्रवासी आईची सोय व्हायलाच हवी. परंतु तोच डबा यार्डात गेल्यावर जी बाई तो बर्थ पुसते, तिच्या बाळासाठी बर्थ कोठे आहे?

आपल्याला मिळाले, म्हणून

नियमित सेवेतील आपल्या भगिनींना १८० दिवसांची प्रसूती रजा आहे आणि सहाव्या वेतन आयोगानंतर संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. सातव्या आयोगाने दुसऱ्या ३६५ दिवसांचा पगार ८० टक्क्यांवर आणला, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पित्यालाही ती रजा दिली. हे कोणी दान दिलेले नाही. मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू घेतली, १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला, आणि पुढे प्रत्येक पिढीने भांडून त्यात भर घातली.

पण जागा रिकाम्या ठेवून, कामे कंत्राटावर देऊन, या हक्कांखालची जमीनच काढून घेतली जात आहे. उद्या नियमित माणूस उरला नाही तर ७३० दिवसांची रजा घेणार कोण? कंत्राटी बाईच्या मुलासाठी मागितलेले पाळणाघर हे आपल्या हक्काचे कुंपण आहे. शिवाय रात्रपाळीची तिकीट तपासनीस असो, ट्रॅकवरची भगिनी असो की आरएमएसमध्ये सॉर्टिंग करणारी, रजा मंजूर होईलच याचा भरवसा नसतो. रजा साहेबाच्या सहीवर आहे. पाळणाघर दाराशी असले तर ते रोज आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या सर्वसाधारण सभेत पुढील मागण्यांचा ठराव करून प्रशासनाकडे पाठवावा, असे आमचे आवाहन आहे :

१. प्रत्येक मोठे स्थानक, डबा डेपो, मालधक्का व आरएमएस कार्यालय यांच्या आवारात नियमित आणि कंत्राटी कामगारांच्या मुलांसाठी सामाईक पाळणाघर असावे, व ते रात्रपाळीतही चालावे.

२. पाळणाघराची अट कंत्राटाच्या निविदेतच घालावी. ती मोडल्यास कंत्राटदाराचे बिल अडवावे, आणि अंतिम जबाबदारी मूळ मालकाची राहावी.

३. रेल्वेच्या जमिनीवरील एकही कामगार वस्ती पाहणी व पुनर्वसनाशिवाय उठवू नये. हिवाळ्यात तर मुळीच नाही.

४. मुलांच्या आहाराचा दर महागाई निर्देशांकाशी जोडावा, जसा आपला भत्ता जोडलेला आहे.

५. अंगणवाडी सेविका-मदतनिसांना सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा द्यावा, आणि दिल्लीच्या संपात काढलेल्या सर्व भगिनींना कामावर घ्यावे.

ठराव करून थांबू नका. आपल्या स्थानकावर किती कंत्राटदार आहेत, त्यांच्याकडे किती महिला आहेत, त्यांची सहा वर्षांखालील मुले किती आणि पाळीच्या वेळी ती कोठे असतात, याची यादी शाखेनेच करावी. प्रशासन म्हणेल मागणीच नाही, तेव्हा ती यादी टेबलावर ठेवता येईल. वस्तीतील अंगणवाडीच्या बाईला शाखेच्या सभेला बोलवा. मुले किती, आहार किती येतो, कोठे अडते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक नाही.

गाडी वेळेवर यावी म्हणून आपण सिग्नलपासून सांध्यापर्यंत प्रत्येक खिळा तपासतो. पत्र पत्त्यावर पोचावे म्हणून पिनकोडचा एक आकडाही चुकू देत नाही. मग फलाटावर झोळीत झोपलेल्या मुलाचा पत्ता शोधायला एवढा उशीर का? तो शोधण्याचे काम आता शाखांनी हाती घ्यावे.

कामगार एकजुटीचा विजय असो!