मोजपट्टी नको, वजनकाटा आणा!

‘माझे पैसे, माझी गाडी, माझी मर्जी’ हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. पहिल्या पगारात काय घेणार, असा विषय मेसमध्ये निघाला की बाइकच्या खालोखाल कुठल्या तरी एसयूव्हीचं नाव येतं. छोटी गाडी घेईन म्हणणारा प्राणी दुर्मिळच! आता मर्जीच्या विरोधात मी नाही. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं एकाच रंगाचा युनिफॉर्म घातलेल्या मुलीला ‘चॉइस’ या शब्दाची किंमत चांगली कळते. पण ही मर्जी खरंच आपली असते का? आणि तिचं बिल फक्त आपणच भरतो का?

पहिला प्रश्न आधी घेऊ. २००६ च्या केंद्रीय बजेटमध्ये छोट्या गाडीची व्याख्या झाली. लांबी चार मीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी आणि डिझेलचं असेल तर १५०० सीसीपर्यंत. अशा गाडीवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आली. परिणाम काय झाला? टाटांनी इंडिगोची शेपटी छाटून २००८ मध्ये इंडिगो सीएस आणली. २०१२ मध्ये डिझायरचीही डिकी कापली गेली. मग कंपन्यांच्या लक्षात आलं की नियमात लांबी आहे, पण उंची नाही आणि वजनही नाही. झालं! लांब होता येत नाही म्हणून गाड्या उंच झाल्या आणि त्यांना ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ असं गोंडस नाव मिळालं. आपल्याला वाटतं, उंच गाडी ही आपली आवड. ती आवड शिवताना टेप अर्थ मंत्रालयाची होती.

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, तरी टेप तीच राहिली. छोट्या गाडीला १८ टक्के, मोठीला ४०. वाटतं, चला, मोठीला दणका बसला. पण मोठ्या एसयूव्हीवर आधी सेस धरून ५० टक्क्यांपर्यंत टॅक्स होता. म्हणजे तीही स्वस्तच झाली की!

आता बिलाकडे वळू. हाफ एम व्ही स्क्वेअर फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी घोकलंय, पण रस्त्यावर कुणी लावून बघत नाही. ताशी ३६ किलोमीटरला, म्हणजे सेकंदाला १० मीटरला, ८०० किलोच्या गाडीत ४० किलोज्यूल असतात आणि १८०० किलोच्या गाडीत ९०. सिग्नलला ब्रेक दाबला की हे सगळं ब्रेकची उष्णता होऊन वाया. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३४ मेगाज्यूल असतात. त्यातला पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असं धरा. म्हणजे एका थांब्याला छोटी गाडी ६ मिलिलिटर पेट्रोल घालवते आणि मोठी १३. रोजचे ४० थांबे आणि महिन्याचे २५ दिवस धरले तर फरक झाला ७ लिटरचा, म्हणजे सुमारे १६ किलो कार्बन डायऑक्साइड! यात एसी आणि हवेचा विरोध धरलेलाच नाही. आणि बहुतेक वेळा आत माणूस एकच. पेट्रोलचे पैसे तो भरतो हे मान्य, पण ते १६ किलो काही त्याच्या काचेच्या आत राहत नाहीत.

‘पण मोठी गाडी सेफ असते!’ हे वाक्य येणारच. ग्लोबल एनकॅपमध्ये २०१८ ला नेक्सॉनने आणि २०२४ ला डिझायरने पाच स्टार मिळवले. दोन्ही चार मीटरच्या आतल्या. टकरीत जड गाडीतला माणूस जास्त वाचतो हे खरं, पण मोमेंटम कुठे तरी जाणारच ना? तो समोरच्या स्कूटरवाल्याकडे जातो.

सगळ्यांना एकाच काठीने मात्र मी हाकणार नाही. माझ्या रूममेटच्या घरी सात माणसं आहेत, गाव घाटात आहे आणि पावसाळ्यात रस्ता कुठला, ओढा कुठला हे कळत नाही. त्यांच्या बोलेरोला मी नावं ठेवली तर ती मला रूमबाहेर काढेल, आणि बरोबरच करेल. गंमत म्हणजे आताची बोलेरो सात जणांना घेऊनही चार मीटरच्या आत बसते. माझं भांडण आहे ते एकट्याने ऑफिसला जाणाऱ्या दोन टनांशी.

आपल्या राज्यात खासगी गाडीचा वन टाइम टॅक्स किंमत आणि इंधन बघून ठरतो. केंद्राचे कॅफे नियम वजन बघतात खरे, पण उलटे! कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जितकं जास्त, तितकी इंधनाची मर्यादा सैल. पॅरिसने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांचं मत घेतलं आणि बाहेरून येणाऱ्या १.६ टनांवरच्या गाड्यांचं पार्किंग तिप्पट महाग केलं. इलेक्ट्रिकला मर्यादा दोन टनांची. मतदानाला सहा टक्केसुद्धा लोक आले नाहीत, ते सोडा.

आपल्याला पॅरिसपर्यंत जायला नको, कॉलेजचं गेट पुरे. प्रत्येक आरसीवर ‘अनलेडन वेट’ लिहिलेलं असतं. वर्षाच्या पार्किंग पासची फी सरसकट न घेता त्या आकड्यावर घ्या, असा अर्ज मी स्टुडंट काउन्सिलसाठी लिहिला आहे. वर जमणाऱ्या पैशांतून सायकल स्टँडवर पत्रे टाकावेत, कारण दर जूनला आमच्या सीट्स भिजतात. स्टाफमधल्या एसयूव्हीवाल्या सर-मॅडमनी राग मानू नये, इंटर्नल मार्क्स अजून व्हायचे आहेत! अर्ज मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी लावलाय. सह्या आतापर्यंत अकरा.