बारावीचे मार्क कुठे धरतात?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निकालांचा हंगाम आला की हात शिवशिवतात, काय करणार!

परवा आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक मुलगी राहिलेले पेढे द्यायला आली. वडील एसटीत कंडक्टर. पहाटेची गाडी पकडून दोन वर्षं यायची, एक प्रॅक्टिकल चुकवलं नाही. ग्रुपला ३०० पैकी २६१, कॉलेजात पहिली. सीईटीचं पर्सेंटाइल मात्र बेताचंच. जाता जाता विचारलंन, "सर, बारावीचे मार्क कुठे धरतात?"

कुठेच नाही गं, असं काही माझ्या तोंडून येईना. इंजिनिअरिंगला खुल्या प्रवर्गात ग्रुपला ४५ टक्के पडले की पात्र. त्यापुढचं सगळं सीईटीवर. तिचे वरचे सव्वाशे मार्क पेढ्यांपुरते.

हे ज्यांना आधीच कळतं ती मुलं वर्गात येतच नाहीत. माझ्या हजेरीपटावर ८० नावं आणि बाकांवर वीस-बावीस डोकी. नाव आमच्याकडे, मुलगा जिल्ह्याच्या गावी क्लासला. आम्हीही पुतण्याला तसाच 'इंटिग्रेटेड'ला घातला होता. (वहिनी, वाचत असाल तर रागावू नका.)

मी बारावी झालो १९८९ला. तेव्हा सगळं ग्रुपच्या मार्कांवर. एका मार्काने माझं सरकारी कॉलेज हुकलं, म्हणून आज फिजिक्स शिकवतोय. तेव्हा काही रामराज्य नव्हतं. कुठल्या केंद्रावर कॉप्या चालतात, प्रॅक्टिकलला कुणाची ओळख लागते, सगळ्यांना पाठ असायचं. सीईटी आली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

मधल्या काळात दोन्ही टोकं बघून झाली. जेईई मेनमध्ये २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वजन होतं, वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क पर्सेंटाइलवरून एका पातळीवर आणायचा खटाटोप करून. २०१७पासून तेही बंद. दिल्ली विद्यापीठात २०२१ला काही कॉलेजांचा कटऑफ चक्क १०० टक्के लागला, आणि २०२२पासून सीयूईटी. म्हणजे मार्क एकतर सबंध देशाच्या फूटपट्टीवर मोजायचे, नाहीतर फेकून द्यायचे. ते कुठल्या बाकावर बसून मिळवले, हे कुणी विचारायचंच नाही?

धाकटी बहीण टेक्सासात असते. ती म्हणाली, "दादा, इथे तू तुझ्याच शाळेत कितवा हे बघतात." १९९७चा कायदा आहे तिथे. आपल्या शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत आलात की राज्याच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश, मग शाळा श्रीमंतांची असो की आडगावची. ऑस्टिनच्या विद्यापीठात या वाटेने इतकी मुलं आली, की २००९मध्ये मर्यादा घालावी लागली. तिथे आता दहा टक्के पुरत नाहीत. आणि काही पालक मुद्दाम सोपी शाळा शोधून मुलाचं नाव तिथे घालतात, हेही झालंय.

आपल्याकडे तर पहिल्याच वर्षी होईल म्हणा! पण मला ती भीती वाटत नाही. पुण्याचे पालक आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मुलं आणून बसवणार असतील तर बसवू देत की. निदान बाक तरी भरतील. सीईटी काढून टाका असं मी म्हणत नाही. थोड्या जागा, अगदी दहातली एक, प्रत्येक कॉलेजातल्या पहिल्या काही मुलांसाठी ठेवा. हजेरी मात्र खरी हवी.

असो. पेढे संपले. मुलीचा कॅप राउंडचा फॉर्म मीच भरून दिला. पहिल्या पर्यायावर तिने पुण्याचं सरकारी कॉलेज लिहायला लावलं, मी काही बोललो नाही. यादी लागली की कळवतो.