स्थानिकांची पंगत

बंगळूरला नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या पंधरवड्यातच एक उपदेश ऐकावा लागतो. 'इथले लोक खरोखर कोठे खातात हे पाहावयाचे असेल तर बसवनगुडीत जा.' उपदेश करणारा बहुधा दहा-वीस वर्षे येथे काढलेला आपलाच गृहस्थ असतो आणि त्याच्या स्वरात घरमालकाचा आब असतो. मग नावे येतात. गांधीबाजारातील विद्यार्थी भवन, शंकरपुरम् येथील ब्राह्मिन्स कॉफी बार, लालबाग रस्त्यावरील मावळ्ळी टिफिन रूम. आणि थोडी पायपीट करण्याची तयारी असेल तर मल्लेश्वरम् येथील सेंट्रल टिफिन रूम. नवागतांच्या सोयीसाठी एका मराठी मंडळाने काढलेली पुस्तिका अलीकडे पाहण्यात आली. तिच्यात 'स्थानिकांची आवडती उपाहारगृहे' या मथळ्याखाली हीच नामावळी सविस्तर दिली आहे. आरंभापासून अखेरपर्यंत तिच्यात मांसाचा एक तुकडा नाही, अंड्याचे टरफलसुद्धा नाही.

प्रस्तुत लेखकाचे या उपाहारगृहांशी वैर नाही, हे आधीच सांगितलेले बरे. विद्यार्थी भवन १९४३ साली निघाले ते नावाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या पोटाची सोय म्हणून. तेथील डोसा जाड, बाहेरून तांबूस-कुरकुरीत आणि आत मऊ असतो. एका हातावर बशांची उतरंड रचून, कोणाच्याही डोक्यावर चटणी न सांडता, वाढपी टेबलांमधून ज्या चालीने येतो ती चाल पाहण्यासाठीही तेथे जावे. ब्राह्मिन्स कॉफी बारमध्ये पदार्थ मोजके, सांबार मुळीच नाही, चटणी मात्र मागाल तितकी. एवढ्या भांडवलावर १९६५ पासून दुकान चालले आहे आणि ते चालते यात नवल नाही. महायुद्धाच्या काळात तांदूळ दुर्मिळ झाला तेव्हा रव्याची इडली आपण शोधून काढली, असे मावळ्ळी टिफिन रूम सांगते. तो दावा कोणी नाकारावा असे मला वाटत नाही, कारण इडली उत्तम असते. सांगायचे ते इतकेच की, माझे भांडण डोशाशी नाही. मथळ्यातील 'स्थानिक' या शब्दाशी आहे.

स्थानिक म्हणजे कोण? हे उपनगर कसे वसले ते पाहिले तर प्रश्नाचे टोक लागते. १८९८ मध्ये प्लेगने जुन्या पेठेत थैमान घातले आणि त्या दाटीतून लोकांना बाहेर काढण्यासाठी दक्षिणेस बसवनगुडी व वायव्येस मल्लेश्वरम् या वसाहती आखण्यात आल्या. रस्ते रुंद, झाडे भरपूर, हवा मोकळी. परंतु भूखंड वाटले गेले ते जातीजातींचे गट पाडून. सुशिक्षित, नोकरदार आणि बहुतांशी ब्राह्मण असा वर्ग गांधीबाजाराभोवती स्थिरावला, आणि घराबाहेर खाणे हे ज्या काळी धर्मसंकट होते त्या काळी या वर्गाला निर्धास्तपणे खाता येईल अशी उपाहारगृहे त्याच्या दाराशी उघडली. आजची मावळ्ळी टिफिन रूम १९२४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'ब्राह्मिन कॉफी क्लब' होते. १९६० मध्ये लालबाग रस्त्यावर येताना ते बदलले. पाटीवरचा तो शब्द म्हणजे स्वयंपाक्याच्या जातीची हमी होती. आत कोणी बसावे आणि कोणी बसू नये याची सूचनाही त्यातच आली.

ही सूचना निरुपद्रवी होती असे ज्यांना वाटते त्यांनी मद्रासचे १९५७ साल आठवावे. तिरुवल्लिकेणी भागातील मुरली कॅफेच्या पाटीवरून 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियारांच्या द्रविड कळघमने दारात निदर्शने मांडली, शेकडो माणसे पकडली गेली आणि अखेर तो शब्द गेला. एका शब्दासाठी माणसे तुरुंगात जातात ती तो शब्द नुसता शोभेचा नसतो म्हणून. बंगळूरमध्ये असे रण माजले नाही. येथे काम केले ते निराळ्याच एका गोष्टीने. १९८३ मध्ये जयनगरात कॅफे दर्शिनी निघाले आणि उभ्याने खाण्याची स्वस्त, झटपट उपाहारगृहे शहरभर पसरली. टेबल नाही, खुर्ची नाही, वाढपी नाही. दगडी फळीवर एकीकडे हिशेबनीस आणि दुसरीकडे रिक्षावाला आपापली इडली ठेवून उभे. शेजारचा कोण, हे विचारण्याइतका वेळच कोणाजवळ नसतो. दर्शिनीला नावे ठेवणारे आपले काही रसिक मला भेटले आहेत; त्यांना लाकडी बाके आणि भिंतीवरील जुने फोटो हवे असतात. मला विचाराल तर या शहराच्या सार्वजनिक जीवनाला त्या दगडी फळीने जेवढे दिले तेवढे कित्येक व्याख्यानमालांनी दिलेले नाही.

तथापि दर्शिनी झाली तरी ती शाकाहारीच. आणि येथे आपण मूळ मुद्द्याशी येतो. भारताच्या महानिबंधकांच्या २०१४ सालच्या पाहणीप्रमाणे कर्नाटकात पंधरा वर्षांवरील दर पाच माणसांपैकी जवळजवळ चार मांसाहारी आहेत. (महाराष्ट्रात हे प्रमाण पाचांत तीन आहे, म्हणजे जे आपण 'इडली-डोशाचे सात्त्विक राज्य' म्हणून कौतुकाने दाखवितो ते आपल्याहून अधिक मांस खाते.) पाचांतील चौघांना गाळून उरलेल्या एकाच्या आवडीवर 'स्थानिकांची आवड' असा शिक्का मारणे हा गणिताचाच अपराध आहे. अपराध कोणी एकट्याने केला असे नव्हे. वर्तमानपत्रे, प्रवासवर्णने, पाहुणचार करणारे स्नेही या सर्वांनी मिळून तो केला आहे. पण आपण मराठी मंडळींनी तो करावा यात एक विशेष लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि तीच सांगण्यासाठी ही लेखणी उचलली.

या चौघांची जेवणाची जागा म्हणजे मिलिटरी हॉटेल. नावाच्या उगमाच्या कथा अनेक सांगतात. अर्थ साऱ्या कर्नाटकात एकच, की येथे मांस शिजते. नाचणीचा वाफाळता गोळा, ज्याला येथे मुद्दे म्हणतात, तो चावावयाचा नसतो. रश्शात बुडवून गिळावयाचा असतो, आणि नवख्याची फजिती पाहून शेजारचा माणूस दोन बोटांनी तुकडा कसा तोडावा ते न विचारता दाखवितो. खिम्याचे तळलेले उंडे, पायाचे सूप, कलेजी, चॉप्स. आणि दोन्ने बिर्याणी. दोन्ने म्हणजे आपला द्रोणच, शब्दही तोच आणि वस्तूही तीच. तांदूळ बासमती नव्हे, बारीक सुवासिक जिरे-सांबा. मसाला पुदिना-कोथिंबिरीचा, हिरवट. हैदराबादेच्या केशरी थाटाशी तिचा संबंध नाही. रविवारी भल्या सकाळी लोक तिच्यासाठी रांग लावतात आणि दुपार कलायच्या आत बऱ्याच ठिकाणची पातेली रिकामी होतात. एवढी गर्दी ज्यांना दिसत नाही त्यांची दृष्टी मोठी साधलेली असली पाहिजे.

ही हॉटेले सगळीच एका समाजाची नाहीत. वक्कलिगांची आहेत, इतरांचीही आहेत. परंतु बंगळूरच्या जुन्या मिलिटरी हॉटेलांत मराठा कुटुंबांनी चालविलेल्यांचा वाटा मोठा आहे. जुन्या पेठेतील एस. जी. राव यांचे मिलिटरी हॉटेल १९०८ चे म्हणून ओळखले जाते. म्हणजे आपल्या पुस्तिकेतील प्रत्येक उपाहारगृहाहून वडील. जयनगरातील शिवाजी मिलिटरी हॉटेल गांधीबाजारापासून तीन-चार किलोमीटरांवर आहे. त्याचे नाव वाचूनही ज्या मराठी माणसाच्या मनात 'हे कोण?' असा प्रश्न उठत नाही त्याच्या मराठीपणाबद्दल काय बोलावे?

आणि मराठीपणाबद्दल आपण थोडे बोलतो का! शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली, १६८७ मध्ये हे शहर मोगलांच्या हातून म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले, ही अर्धशतकाची कहाणी प्रत्येक शिवजयंतीला व्यासपीठावरून सांगितली जाते. होदिगेरे येथील शहाजीराजांच्या समाधीला सहली निघतात. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मला आणि संभाजीच्या नावावरून त्याला नाव मिळाले, ही दंतकथा तर आपण इतिहास असल्याच्या थाटात परप्रांतीयांना ऐकवितो. रजनीकांत मूळचे शिवाजीराव गायकवाड, घरी मराठी बोलत वाढलेले, हे सांगताना आपली छाती फुगते. ते बसवनगुडीला लागून असलेल्या हनुमंतनगरात वाढले, त्यांचे वडील पोलीस शिपाई होते आणि ते स्वतः याच शहरात बस-कंडक्टर होते. प्रश्न असा की, तो कंडक्टर पडद्यावर गेला नसता तर आपल्या मंडळाच्या कोजागिरीला त्याला कोणी बोलाविले असते काय? त्याच्यासारखी हजारो माणसे याच गल्ल्यांतून राहतात. गवीपुरम् येथे त्यांचा गोसावी मठ आहे. ती आपल्या वर्गणीदारांच्या यादीत नाहीत. जी पंगत दंतकथेतील सांबारावर हक्क सांगते आणि डोळ्यांसमोरच्या मराठा खानावळीला ओळख देत नाही, तिची भूक कसली आहे हे मला कळत नाही.

मी हा विषय काढला की तीन उत्तरे मिळतात. पहिले, आपल्या सभासदांपैकी अनेक मांस खात नाहीत. न खावोत. त्यांच्या ताटात कोणी काही वाढीत नाही. पण पुस्तिका 'आमच्या शाकाहारी सभासदांची आवडती उपाहारगृहे' या नावाने निघालेली नाही. तशी निघाली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. शिवाय घरी मटण आणून खाणारे आणि मंडळात डोशाचे सात्त्विक गुणगान करणारे सभासद मला पुष्कळ ठाऊक आहेत. पुण्यामुंबईहून पाहुणे आले म्हणजे हीच मंडळी त्यांना गुपचूप बिर्याणीला नेतात आणि परत येताना बडीशेप खातात.

दुसरे उत्तर स्वच्छतेचे. त्याला मी फारशी जागा देणार नाही. काही मिलिटरी हॉटेले कळकट आहेत, काही लखलखीत आहेत. उपाहारगृहांचेही तसेच आहे. हे कारण नेहमी एकाच बाजूला दाखविले जाते, यावरून ते कारण नव्हे हे उघड होते.

तिसरे उत्तर मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण ते आपले सुसंस्कृत लोक देतात. ते म्हणतात, 'या लोकांची मराठी ही मराठी नव्हे. निम्मे शब्द कानडी, क्रियापदे भलतीच, मुले तर कानडीच बोलतात. त्यांचा आपल्या वाङ्मयाशी काय संबंध?' हे ऐकून मला द. रा. बेंद्रे आठवतात. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, १९७३ चे ज्ञानपीठ कन्नडसाठी. आणि तरीही 'आमचे बेंद्रे' म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. मास्ती वेंकटेश अय्यंगार घरी तमिळ बोलणारे. गवीपुरम् येथे राहत, बसवनगुडीच्या क्लबात नित्य जात आणि कन्नडाने त्यांना आपली आस्ती मानले. भाषेची सरमिसळ कवीत दिसली की ती संस्कृतिसंगम, आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकात दिसली की ती भेसळ, असा हा न्याय आहे. चार पिढ्या, पाच पिढ्या महाराष्ट्राचे तोंड न पाहता, एकही मराठी शाळा नसताना, ज्यांनी घरात मोडकी का होईना मराठी टिकविली त्यांच्यापुढे, दर दिवाळी अंक टपालाने मागवूनही ज्यांची नातवंडे मराठी वाचू शकत नाहीत अशा आपण, कोणत्या तोंडाने शुद्धतेची गोष्ट काढावी? आपल्या नातवंडांची दुसरी पिढी आहे. त्यांची पाचवी असेल तेव्हा आपल्या घरात 'जेवलास का' हे दोन शब्द तरी उरतील काय, याची मला शाश्वती वाटत नाही.

शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातील दलितांच्या स्वयंपाकाची नोंद करणारे पुस्तक २०१५ मध्ये लिहिले आणि त्याला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' असे नाव दिले. जेवणापूर्वी म्हणावयाच्या आपल्या श्लोकाला त्या एका 'अ'ने दिलेला धक्का महाराष्ट्रात पुष्कळांना बसला. आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात ते पुस्तक मी मागितले. नाही असे कळले. पाककृतींची सत्तावीस पुस्तके मात्र आहेत आणि त्यांत उपासाच्या पदार्थांची चार.

पुस्तिकेची सुधारलेली आवृत्ती गणेशोत्सवापूर्वी काढण्याचे घाटत आहे. संपादकांना माझी सूचना मथळा बदलण्याची नाही. मथळा चांगला आहे. त्याखाली एक पान वाढवावे, त्यात मिलिटरी हॉटेलांचे पत्ते द्यावेत आणि कोणते हॉटेल किती वाजता उघडते व कोणत्या सुमारास बिर्याणी संपते तेही द्यावे. ही माहिती टेबलाशी बसून मिळणार नाही. रविवारी सकाळी लवकर उठून जावे लागेल. गल्ल्यावरच्या माणसाशी मराठीत बोलावे. तो आधी दचकेल, मग उत्तर देईल, आणि त्याचे एखादे क्रियापद चुकले तर संपादकांनी ते तेथेच दुरुस्त करू नये.