आधी खुराडं बघा

परसदार

गावठी कोंबडा आजारी पडला की आपल्याकडे त्याच्यावर दोनच इलाज होतात. पहिला सुरीचा. "मरायच्या आत कापून टाका, निदान रस्सा तरी होईल" हा सल्ला शेजारपाजारचा कोणीही फुकट देतो. दुसरा इलाज कृषी सेवा केंद्राचा. भाताला, उसाला, कोबीला जे मारतात त्यातलंच चिमूटभर पुडीत बांधून कोंबड्यालाही मिळतं. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, नाही असं नाही. पण कोंबडा पिशवीत घालून तिथवर न्यायचा म्हणजे एसटीचं भाडं, बुडालेला अर्धा रोज, आणि वर "एका कोंबड्यासाठी आलात?" अशी रांगेतल्या म्हशीवाल्यांची नजर.

हा हिशेब करणाऱ्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच असतो. मात्र २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कुक्कुट पक्षी मोजले गेले, त्यातले जवळपास ३२ कोटी परसातले होते, आणि आधीच्या म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा परसातली ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. इतक्या पक्ष्यांचं वैद्यक सुरी आणि पुडी यांवर चाललेलं असेल, तर विषय एका कोंबड्याचा राहत नाही.

गेल्या आठवड्यात दापोलीकडच्या एका काकूंचा फोन आला. आवाजात काळजी.

"भाऊ, माझा बीजाचा कोंबडा कामातून गेला हो. तुरा पांढराफटक पडलाय. पहाटे आरवत नाही. दाणे टाकले की सगळ्यांच्या मागे पिसं फुलवून उभा राहतो."

"शिटतो कसा? हिरवं, पातळ? मान वाकडी करतो का? श्वास घरघरतो?"

"तसलं काही नाही. कोंबड्या धड आहेत. फक्त दोन तलंगा संध्याकाळी खुराड्यात शिरत नाहीत. ढकलल्या तरी बाहेर येतात आणि आंब्यावर चढून बसतात."

कोंबड्याचं निदान त्या तलंगांनी आधीच करून ठेवलं होतं. कोंबडी काळोखाला भिते. दिवस मावळला की तिला खुराडं हवं असतं. ती जेव्हा मुंगसाच्या, रानमांजराच्या भीतीवर मात करून झाडावर रात्र काढते, तेव्हा आत त्याहून वाईट काहीतरी आहे असं समजावं. काकूंच्या हातात तोवर दुकानातली पुडी आलेली होतीच. ती बाजूला ठेवा म्हटलं. रात्री नऊनंतर बॅटरी घ्या, एक जुनं पांढरं फडकं घ्या, आणि कोंबड्या ज्या बांबूवर बसतात त्याच्या खालच्या अंगाने ते फडकं दाबून ओढा.

सकाळी फोन. "अहो, फडकं लाल झालं. चिरडल्यासारखं रक्त! आणि बांबूच्या टोकाच्या पोकळीत तर नुसती वळवळ."

ही लाल माइट. शास्त्रीय नाव डर्मानिसस गॅलिनी. लांबी एक मिलिमीटरच्या आत. उपाशी असताना राखी-पांढरी, त्यामुळे दिवसा दिसली तरी धूळ वाटते. रक्त प्यायली की लाल होते. तिची खासियत अशी, की ती कोंबडीवर राहतच नाही. दिवसभर फटीत, बांबूच्या पेरात, खोक्याच्या सांध्यात दडी मारून बसते. अंधार पडला की बाहेर येते, अर्धाएक तास रक्त पिते आणि परत फटीत. अंडीही तिथेच घालते. ती दोन-तीन दिवसांत फुटतात, आणि हवा उबदार व दमट असेल तर अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा सात ते दहा दिवसांत पुरा होतो. कोकणातला पावसाळ्याअखेरचा काळ तिच्यासाठी सुगीचा. बरं, कोंबड्या हलवून खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं तर ती मरेल, या भ्रमातही राहू नका. थंड हवेत ती उपाशीपोटी आठ-आठ महिने तग धरते.

म्हणून दिवसा कोंबडा उचलून, उलटापालटा करून पाहिला तरी अंगावर काही सापडत नाही. मग लोक म्हणतात "पोटात जंत असतील", "दृष्ट लागली असेल". कोंबडा रोज रात्री थोडं थोडं रक्त गमावतो, आणि त्याची वरवर दिसणारी खूण म्हणजे तो फिकट तुरा. पिल्लं आणि खुडुक बसलेली कोंबडी यात सरळ मरतातही. खुडुक कोंबडी अंडी सोडून उठली की आपण तिला शिव्या देतो. एकदा तिच्या खालचं गवत झटकून बघावं.

"पिसवा झाल्या" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात वेगवेगळी बिऱ्हाडं असतात आणि प्रत्येकाचा पत्ता वेगळा. काही माइट कोंबडीच्या अंगावरच संसार थाटतात. गुदद्वाराभोवतीची पिसं बाजूला केली तर कातडीवर खपल्या आणि पिसांवर काळपट मळ दिसतो. तो मळ म्हणजे त्यांची विष्ठा. ही जात नरावर जास्त फोफावते, त्यामुळे कोंबडा हातात घेतला की आधी तिथे बघायचं. उवाही अंगावरच असतात, पण त्या पिवळसर, चपळ, सहा पायांच्या, आणि पिसांच्या बुडाशी त्यांच्या लिखांचे पुंजके चिकटलेले. तिसरी माइट पायांच्या खवल्यांखाली घर करते. पाय चुना फासल्यासारखे जाड, खडबडीत होतात, कोंबडा लंगडतो. तिथे कोमट पाण्याने पाय भिजवून नंतर खोबरेल किंवा व्हॅसलीन जाडसर चोपडावं, आठवड्यातून दोनदा, काही आठवडे. खवले नखाने उचकटू नयेत आणि रॉकेलमध्ये पाय बुडवू नयेत. रॉकेलने माइट मरते हे खरं, कातडीही भाजते.

कोरड्या, उष्ण भागातल्या वाचकांनी गोचीड विसरू नये. कोंबडीचा गोचीडही फटीतच राहतो, रात्रीच चावतो आणि अन्नावाचून वर्ष-दोन वर्षं काढतो. तो स्पायरोकीटोसिस नावाचा ताप आणतो: कोंबडा अचानक मलूल, हिरवी पातळ शी, पाय लुळे. लक्षणं मानमोडीसारखी दिसल्याने "लागण आली" म्हणून लोक हात झटकून मोकळे होतात. मानमोडी विषाणूची, तिच्यावर औषध नाही, लस हाच उपाय. पण या गोचीडतापावर पेनिसिलिनसारखं साधं प्रतिजैविक वेळेत मिळालं तर पक्षी उठतो. इथे पशुवैद्य लागतोच. १९६२ वर फोन करून फिरतं पथक बोलावता येतं, आणि "एकाच कोंबड्यासाठी" म्हणायला लाजू नये.

आता त्या पुडीविषयी. कोंबडा, कोंबडी, अंडं हे सगळं शेवटी आपल्या ताटात येतं, हे पुडी देणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. २०१७ च्या उन्हाळ्यात युरोपात काय झालं ते आठवून पाहा. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये पोल्ट्र्यांना लाल माइट छळत होती. शेड साफ करून देणाऱ्या कंत्राटदारांनी निलगिरी-मेंथॉलचं वनस्पतिजन्य द्रावण म्हणून जे फवारलं, त्यात फिप्रोनिल मिसळलेलं होतं. खाद्य प्राण्यांवर तिथे त्याला बंदी. ते चरबीत साठतं आणि अंड्यात उतरतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत युरोपीय संघातल्या १५ देशांत, स्वित्झर्लंडमध्ये आणि थेट हाँगकाँगपर्यंत ही अंडी पोचल्याचं उघड झालं. लाखो अंडी नष्ट झाली, कित्येक पोल्ट्र्यांना टाळं लागलं. तेच फिप्रोनिल आपल्याकडे भाताच्या नि उसाच्या किडीसाठी दुकानात सर्रास मिळतं, कुत्र्याच्या गोचिडासाठी थेंबांतही मिळतं. तिकडे निदान तपासणी होती म्हणून बोभाटा झाला. परसातली अंडी कोण तपासतो? "गावठी, एकदम शुद्ध" म्हणून आपण ती बाळंतिणीला देतो.

याचा अर्थ राख आणि कडुनिंब यांवरच भागवा, असंही मी म्हणत नाही. निसर्गाच्या नावावर आळस खपवण्याची आपल्याला सवय आहे. चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती यांचा खड्डा परसात हवाच; कोंबड्या त्यात लोळून आपली साफसफाई स्वतः करतात. अंड्याच्या टोपलीत निरगुडीचा पाला घालायलाही हरकत नाही. पण बांबूत वळवळ दिसण्याइतका प्रादुर्भाव झाल्यावर नुसत्या पाल्याने तो हटत नाही. पशुवैद्याने दिलेलं परमेथ्रीन किंवा डेल्टामेथ्रीन, त्यानेच सांगितल्या प्रमाणात, त्यानेच सांगितलेले दिवस अंडी न खाता. आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण पहिल्या फवाऱ्यातून अंडी वाचतात आणि त्यातून निघालेली नवी पिढी तोवर रक्तावर आलेली असते. ही दुसरी फेरी बहुतेक घरांत होत नाही. कोंबडा जरा टवटवीत दिसला की बाटली कपाटावर जाते. (घरात मांजर असेल तर परमेथ्रीन तिच्यापासून लांब ठेवा, आणि खुराडं धुतलेलं पाणी माशांच्या तळ्यात सोडू नका.) आयव्हरमेक्टिनचे थेंब मानेवर टाकायचे सल्ले हल्ली मोबाइलवर फिरतात, अंडी खायची असतील तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

बहुतेक कष्ट खुराड्यावर खर्च व्हायला हवेत. आतलं गवत, भुसा, जुनी टोपली, सगळं काढून जाळायचं. बांबू बदलायचा, नाही तर त्याची टोकं मेणाने किंवा सिमेंटने बंद करायची. फटींत उकळतं पाणी ओतायचं. मग चुन्याचा जाड हात, कोपऱ्यांत दोनदा. कोकणातली जुनी खुराडी चिऱ्याची. चिरा म्हणजे नुसती भोकं, माइटला तयार चाळच. पण आपल्या आज्या ती दर पंधरवड्याला शेणामातीने सारवत, त्यात फटी बुजत. आताची प्लायवूड आणि पत्र्याची खुराडी दिसायला देखणी, पण एकावर एक चढवलेल्या फळ्यांच्या सांध्यात ना हात जातो ना चुना. बसायची दांडी भिंतीला न टेकवता चार पायांवर उभी करावी आणि प्रत्येक पाय जळक्या तेलाच्या वाटीत ठेवावा. माइटला वर चढायला वाट राहत नाही. खर्च नगण्य, आणि फरक त्याच रात्री दिसतो.

कोंबड्याचं काय? त्याला वेगळं काढून डालग्याखाली, सावलीत, उबेला ठेवायचं. गूळ आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी, भिजवलेली बाजरी, मऊ भात, उकडलेलं अंडं कुस्करून. (कोंबड्याला अंडं खायला घालायचं म्हटलं की लोक विचित्र बघतात. घाला, रक्त भरून यायला प्रथिनं लागतात.) पाणी पीत नसेल तर चोच उघडून आत ओतू नये. कोंबड्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. घोट तिकडे गेला तर माइटने न मेलेला कोंबडा आपल्या मायेने मरतो. चोचीच्या कडेला बोटाने थेंब लावावा, तो आपणच गिळतो. छातीचं मधलं हाड रोज चाचपावं. ते सुरीच्या पात्यासारखं टोचत असेल तर दुखणं जुनं आहे आणि दोन दिवसांत गुण येणार नाही. तुऱ्यावर लाली परतायलाही वेळ लागतो.

मात्र एकापाठोपाठ चार-पाच पक्षी गळले, तर हे माइटचं प्रकरण नाही. तेव्हा मेलेला पक्षी ओढ्यात फेकू नये, कापू तर मुळीच नये, दवाखान्यात कळवावं. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नवापुरात सापडला होता.

सरकारकडे माझी मागणी फार मोठी नाही. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर तलंगगट वाटले जातात, २५ माद्या आणि ३ नर. पक्षी हातात देताना खुराडं कसं असावं याचं एक चित्र सोबत द्या, आणि पंधरा-वीस दिवसांनी पशुधन पर्यवेक्षकाने त्या घरी एक चक्कर टाकावी, तीही दिवस मावळल्यावर. ते २५ आणि ३ वर्षभराने किती उरतात, हे कुठल्या कागदावर येतं? वाटपाचा फोटो तेवढा येतो.

आणि फ्लॅटमधल्या वाचकांना "आमचा काय संबंध" वाटत असेल तर एक सांगतो. एसीच्या मागे कबुतरांनी घरटं केलेलं असतं. पिल्लं उडून गेली की तिथल्या उपाशी माइट खिडकीतून आत येतात आणि माणसांना चावतात. अंगावर लाल पुरळ, रात्रभर खाज. ढेकूण समजून गादी उन्हात टाकली जाते, मग पेस्ट कंट्रोलवाला येऊन पलंगाखाली फवारून जातो, आणि चार दिवसांनी खाज पुन्हा सुरू. या माइट माणसावर बिऱ्हाड करत नाहीत. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा आणि एसीच्या मागचं रिकामं घरटं पिशवीत भरून काढा.